नवरा पुढच्या वळणावर

रविवारी पहाटे आतकरवाडीतून सिंहगडाची पायवाट धरली की एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या तयारीला लागलेली जोडपी लांबूनच ओळखू येतात. बाकीची जनता कांदाभजी आणि मडक्यातल्या दह्याच्या ओढीने चढत असते. ही दोघं पाठीवर पाण्याच्या बाटल्या लादून चढतात. ते पाणी प्यायचं नसतं, वजनाचं असतं. वर पोचलं की ओतून टाकायचं आणि गुडघे सांभाळत रिकाम्या बाटल्या घेऊन उतरायचं. ज्या गडावर येऊन लोक देवटाक्याचं पाणी भक्तिभावाने पितात, त्या गडाला ही मंडळी दर रविवारी कोथरूडचं फिल्टरचं पाणी पाजतात.

दुसरी खूण याहून पक्की. ही दोघं एकत्र आलेली असली तरी एकत्र चालत नाहीत. नवरा पन्नास पावलं पुढे असतो आणि मनगटावरच्या घड्याळात स्वतःच्या हृदयाचे ठोके वाचत असतो. बायको मागून येत असते आणि नवऱ्याची पाठ वाचत असते. मध्येच तो थांबतो, कमरेवर हात ठेवून मागे बघतो. ती जवळ येते. तिने टेकायला दगड शोधेपर्यंत 'चल, झाला ना आराम?' असं म्हणून हा निघालेला असतो. आराम त्याचा झालेला असतो.

हे मी अधिकाराने सांगते, कारण ती मागून येणारी बाई मीच आहे.

आमच्या आईवडिलांना साठीच्या सुमारास लोक विचारायचे, 'चारधाम झालं का?' आम्हाला पन्नाशीतच विचारतात, 'ईबीसी झालं का?' २०१२ साली पुण्याच्या 'गिरिप्रेमी'ची मंडळी थेट शिखरावर जाऊन आली. तेव्हापासून, माझ्या मते, निदान त्याच्या पायथ्यापर्यंत न गेलेला पुणेकर अंमळ मागे पडलेला समजला जातो. आमच्या सोसायटीतलं एक जोडपं जाऊन आलं आणि क्लब हाउसमध्ये फोटो दाखवायचा कार्यक्रम झाला. दीडेकशे फोटो झाल्यावर त्या बाई म्हणाल्या, 'ट्रेकमुळे आम्ही दोघं इतके जवळ आलो ना!' शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्याने तेव्हा मोबाइलमध्ये काहीतरी टिपून घेतलं. मला वाटलं, हेच वाक्य. नंतर पाहिलं तर बुटांचा ब्रँड होता.

आता मीही जाऊन आले आहे, तेव्हा त्या वाक्याबद्दल मला थोडं बोलायचं आहे. लुक्ला ते बेस कॅम्प आणि परत हे अंतर सुमारे १३० किलोमीटर. वाट बऱ्याच ठिकाणी एका माणसाची, त्यातून वर जाणारे, खाली येणारे, खेचरं आणि याक. हातात हात घालून चालायचं म्हटलं तर एकाला दूधकोसी नदीच्या बाजूने चालावं लागेल, आणि दूधकोसी वाटेच्या पुष्कळ खाली असते. शिवाय हात मोकळे कुठे असतात? दोन्हींत काठ्या. आमच्या पुढेमागे बंगळुरूचं एक नवं कोरं जोडपं होतं, मधुचंद्रालाच आलेलं. फाकडिंगपर्यंत त्यांनी हात सोडला नाही. नामचेच्या चढाला त्यांनी भाड्याच्या काठ्या घेतल्या आणि तो विषय तिथे संपला.

तयारीपासून सांगते. लुक्लाच्या विमानात माणशी १५ किलो सामान चालतं, हातातली पिशवी त्यातच. नवऱ्याने एक्सेलमध्ये तक्ता केला, ग्रॅममध्ये. मोजे एका रकान्यात, औषधं एका रकान्यात आणि 'इतर' या रकान्यात मी सुचवलेलं सगळं. मेतकूट, लिंबाचं गोड लोणचं, डिंकाचे लाडू ही मंडळी 'अनावश्यक' म्हणून लाल झाली. ट्रायपॉड, दुर्बीण आणि कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या 'अत्यावश्यक' म्हणून हिरव्या झाल्या. मी मेतकूट थर्मलच्या पायात भरलं. डिंगबोचेला, ४४०० मीटरवर, लसणाचं सूप आणि फ्राइड राइसचा कंटाळा आल्यावर तेच मेतकूट त्याने साध्या भातावर दोनदा मागून घेतलं. तेव्हा मी रकान्यांचा विषय काढला नाही. म्हणजे, पहिल्यांदा मागितलं तेव्हा काढला नाही.

दोन ट्रेकरांमागे एक भरिया म्हणजे हमाल, अशी तिथली पद्धत. तो दोघांच्या डफल बॅगा एकावर एक ठेवून दोरीने करकचून बांधतो, नाम्लो म्हणजे ओझ्याचा पट्टा कपाळाला लावतो आणि आपल्या कितीतरी आधी मुक्कामी पोचतो. त्याला जाताना पाहिलं की आपल्या पाठीवरच्या पाच किलोंबद्दलची तक्रार आपोआप बंद होते. लग्नात उपरण्याला शालूची गाठ मारावी तशा आमच्या बॅगा एकमेकींना बांधून रोज पुढे निघून जायच्या. त्या संपूर्ण प्रवासात कायम एकत्र राहिलेली आमच्या घरची ती एकच जोडी.

ऐन हंगामात काठमांडूच्या विमानतळावर गर्दी असते म्हणून लुक्लाची विमानं बहुतेक रामेछापहून सोडतात. त्यासाठी मध्यरात्रीनंतर गाडीत बसून चार-पाच तास वळणं खायची. लुक्लाची धावपट्टी ५२७ मीटर. मुंबईची मुख्य धावपट्टी तीन किलोमीटरहून लांब आहे. त्यात लुक्लाची चढणीवर बांधलेली. विमान उतरतं ते डोंगराच्या भिंतीकडे चढत जाऊन थांबतं आणि निघतं तेव्हा उतारावरून धावत सुटतं, पुढे दरी. ही सगळी माहिती नवऱ्याने मला विमान खाली येत असतानाच दिली. उतरल्यावर छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाला, 'कळसूबाई १६४६ मीटर. आपण २८०० च्या वर उभे आहोत. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच टोक आत्ता आपल्या हजार मीटर खाली आहे.'

मी म्हटलं, 'मग झालं की. परत जाऊ या.'

आमचा गाइड सोलुखुंबूचाच, विशी-पंचविशीतला पोरगा. गाइडने सगळ्यात हळू चालणाऱ्याबरोबर राहायचं असा त्यांचा शिरस्ता. त्यामुळे नवरा एकटा पुढे आणि मागे मी नि गाइड, अशी वर्णव्यवस्था पहिल्या तासातच ठरली. परिणामी नवऱ्याला वाटेतल्या प्रत्येक गावाची उंची पाठ झाली आणि मला गाइडच्या बहिणीचं लग्न कुठे अडलंय, कतारला गेलेला भाऊ फोन का उचलत नाही आणि त्याच्या आईच्या हातच्या बटाट्याच्या रोटीत काय असतं, हे सगळं कळलं. पोरगा गोड होता. 'पुढे चढ आहे का रे?' विचारलं की म्हणायचा, 'नाही दिदी, सपाट आहे.' त्या लोकांच्या हिशेबात दोनशे मीटर चढून दोनशे मीटर उतरलं की ते सपाट. बेरीज शून्य येते ना! मला तो 'दिदी' म्हणायचा आणि नवऱ्याला 'दाइ'. म्हणजे त्याच्या लेखी आम्ही बहीणभाऊ झालो. मी सुधारणार होते, पण मग मुक्कामाची खोली पाहिली आणि राहू दिलं. त्याबद्दल पुढे येईलच.

आता नवरा पुढे आणि बायको मागे हे आपल्याकडे नवं नाही. लक्ष्मी रोडवर माझे आजोबा छत्री घेऊन पुढे चालत आणि आजी पिशव्या घेऊन मागून. फरक इतकाच, की आजोबा वळून बघत नसत. माझा नवरा दर वळणावर थांबतो, वळून बघतो, अंगठा वर करून विचारतो, मीही अंगठा वर करते, की निघाला. काळजी आहे, मान्य. पण काळजी घेणारा माणूस सतत साठ मीटर लांब असेल, तर ती काळजी आपल्यापर्यंत पोचते तेव्हा शिळी झालेली असते.

खरी गंमत झुलत्या पुलांवर. नदी ओलांडायला लोखंडी दोरांचे लांबलचक पूल आहेत. समोरून जोपक्यांचा तांडा आला (जोपक्यो म्हणजे याक आणि गाय यांचं मिश्र अपत्य, नामचेच्या खाली ओझं वाहायला हेच जास्त), तर तो संपेपर्यंत पुलावर पाऊल टाकायचं नाही. वाटेत गाठ पडली तर डोंगराच्या बाजूला अंग चोरून उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही. नामचेच्या चढाआधी हिलरी पूल लागतो. नवरा पलीकडे पोचला आणि मग तांडा सुरू झाला. मी अलीकडे. मध्ये गॅसच्या टाक्या, तांदळाची पोती आणि बियरचे खोके घेऊन चाललेली ती शांत जनावरं. नवरा तिकडून हातवारे करत होता. मला समजलं, 'पाणी पी.' मी प्यायले. त्याचं म्हणणं होतं, 'माझी पाण्याची पिशवी तुझ्याकडे आहे, पिऊ नको, शिल्लक ठेव.' यावरची चर्चा नामचेपर्यंत पुरली. सहाशे मीटरची चढण त्यात कधी संपली ते कळलं नाही, हा फायदा मात्र नोंदवायला हवा.

ज्यांच्या नावाचा तो पूल, ते एडमंड हिलरी १९५३ साली जगातल्या सगळ्यात उंच जागी उभे राहिले आणि त्यानंतर लुईझला लग्नाचं विचारायची त्यांची छाती झाली नाही. त्यांनी ते काम मुलीच्या आईवर सोपवलं. सासूबाईंनी विचारलं, मुलगी हो म्हणाली, सप्टेंबरात लग्न झालं. हे मी नवऱ्याला जेवताना सांगितलं तर तो म्हणाला, 'बरोबर आहे, तिथे ऑक्सिजन नव्हता.' कुठे, ते मी विचारलं नाही.

नामचेला, ३४४० मीटरवर, एक दिवस विश्रांतीचा असतो. या विश्रांतीत चारशे-साडेचारशे मीटर चढून पुन्हा उतरायचं असतं. उंच चढायचं आणि खाली येऊन झोपायचं, म्हणजे शरीराला विरळ हवेची सवय लागते. त्या चढणीवर ३८८० मीटरला 'हॉटेल एव्हरेस्ट व्ह्यू' आहे, १९७१ साली जपानी माणसाच्या कल्पनेतून उभं राहिलेलं. तिथल्या गच्चीवर कॉफी पीत समोर एव्हरेस्ट, ल्होत्से आणि अमा दब्लम बघायची सोय आहे. कप हातात आला, डोंगर समोर होता, ऊन होतं, आणि तेव्हा नवऱ्याने खिशातून ऑक्सिमीटर काढला.

हा ऑक्सिमीटर कोविडात घेतलेला. मध्ये कितीतरी दिवस तो औषधांच्या डब्यात निपचित पडून होता, हिमालयात त्याचा पुनर्जन्म झाला. नामचेनंतर आमच्या संभाषणाचा तोच केंद्रबिंदू. सकाळी उठल्यावर बोट, जेवणाआधी बोट, झोपताना बोट. पुण्यात जो आकडा पाहून लोक रुग्णालयात खाट शोधायला धावले असते, तो आकडा तिथे 'छान आहे' म्हणून मिरवतात. नवऱ्याचा ८४ आला आणि माझा ८९. त्याने माझं बोट थंड असणार म्हणून पुन्हा मोजायला लावलं. मग ९० आला. मग त्याने बॅटरी बदलली. रोज पुढे चालणाऱ्या माणसाच्या रक्तात मागून येणाऱ्या बाईपेक्षा कमी प्राणवायू असणं ही त्याला यंत्रातली त्रुटी वाटत होती. गाइडने समजावलं, 'दाइ, बिस्तारै चाला. जो हळू चालतो त्याला डोंगर आत घेतो.' नवरा म्हणाला, हा मुलगा फार फिल्मी बोलतो.

तसं पाहिलं तर ट्रेकवर नवराबायकोचं बोलणं किती साधं होऊन जातं, याचा कोणीतरी अभ्यास केला पाहिजे. घरी आमचे विषय असतात: मुलाचा व्हिसा, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, पार्किंगमध्ये गाडी तिरकी लावणारा वरचा माणूस. चार हजार मीटरच्या वर तीन उरले. पाणी किती प्यायलास? शू झाली का? रंग कसा होता? दिवसाला तीन-चार लिटर पाणी प्यायचं आणि पिवळेपणा दिसला की अजून प्यायचं, हा नियम. त्यातून डायमॉक्स घेत असाल तर त्या गोळीचा स्वभावच मूत्रपिंडांना कामाला लावायचा, वर बोटांना मुंग्या. लग्न ठरताना आम्ही दोघं सारसबागेत भेटलो होतो आणि आवडते लेखक या विषयावर बोललो होतो, हे आठवून मला लोबुचेच्या गोठलेल्या शौचालयाबाहेर, शून्याखालच्या थंडीत, डोक्यावर बॅटरी लावून नवऱ्याची वाट पाहताना फार हसू आलं. तो आतून ओरडला, 'हसू नको, दम लागतो.'

आंघोळीबद्दल बोलायचं तर नामचेनंतर कोणी बोलत नाही.

संध्याकाळी सगळे जेवणघरात. मध्ये भट्टी, वरच्या गावांत ती याकच्या वाळलेल्या शेणाच्या गोवऱ्यांवर पेटते आणि पेटते तीही अंधार पडल्यावरच. खोली तशी स्वस्त, पण जेवण त्याच लॉजमध्ये घ्यायचं हा अलिखित करार. फोन चार्ज करायला पैसे, गरम पाण्याला पैसे, आणि उंची वाढेल तसा भाव वाढणार, कारण प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी पाठीवरून आलेली असते. मेन्यू प्रत्येक गावात तोच. त्यात एकच शहाणपणाचा पदार्थ, दालभात, कारण तो पुन्हा वाढतात. भट्टीभोवती बसलं की जगभरची जोडपी बघायला मिळतात. एक जर्मन नवराबायको रोज पत्ते खेळायचे आणि गुण वहीत मांडायचे; वही जुनी होती, म्हणजे हिशेब बरीच वर्षं चाललेला. एक कोरियन जोडपं नखशिखांत सारख्या कपड्यांत. आपली मराठी जोडपी ओळखायला सोपी: बाईच्या हातात चिवड्याची पिशवी आणि पुरुष शेजारच्या टेबलाला 'तुम्ही किती वाजता पोचलात?' विचारत असतो. अर्ध्या तासात कोणाचा तरी मावसभाऊ कोणाच्या तरी शाळेत निघतो. बंगळुरूची मधुचंद्रवाली मुलगी आता माझ्या शेजारी बसायला लागली होती. 'काकू, हे असंच असतं का?' तिने विचारलं. मला वाटलं उंचीबद्दल विचारते आहे. म्हटलं, 'सवय होते.'

आता त्या खोल्या. प्लायवूडच्या भिंती, एक खिडकी, एक खिळा आणि दोन सुट्या कॉट. जोडकॉट मिळालीच तर खाली, नामचेपर्यंत. वर दोन कॉटच्या मध्ये एक माणूस तिरका जाईल इतकी जागा आणि दोघंही आपापल्या स्लीपिंग बॅगच्या चेनमध्ये गळ्यापर्यंत बंद. पलीकडच्या खोलीतल्या माणसाने कूस बदलली तरी कळतं. त्यामुळे नवराबायकोचं भांडणही तिथे कुजबुजत करावं लागतं आणि कुजबुजत भांडायला जेवढा श्वास लागतो तेवढा हवेत नसतो. दोन वाक्यांनंतर दोघंही धापा टाकत गप्प.

पण रात्रींबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. उंचीवर माणूस झोपेत भराभर श्वास घेतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मग मेंदूला श्वासाची घाई वाटेनाशी होते आणि श्वास काही सेकंद चक्क थांबतो. मग धडपडून पुन्हा सुरू. हे तिथे सर्रास होतं, गाइडने आधीच सांगितलं होतं. सांगणं वेगळं आणि शेजारच्या कॉटवर ऐकणं वेगळं. लग्न झाल्यापासून मी ज्या घोरण्यावर उशा फेकल्या, ज्याच्यासाठी कानात कापूस घातला, ज्याच्यामुळे आमच्याकडे हॉलमधल्या दिवाणाला माझं नाव पडलं, ते घोरणं गोरखशेपच्या अंधारात थांबलं. मी जागी. एक, दोन, तीन, चार... आता घोर. सात, आठ... घोर रे बाबा. आणि मग एकदम घर्रर्र करून इंजिन सुरू झालं, तेव्हा मला जे वाटलं ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही, नाहीतर पुण्यात माझी पंचाईत होईल. सकाळी त्याने विचारलं, 'झोप झाली का?' मी म्हटलं, 'तू घोरत होतास.' तो म्हणाला, 'सॉरी.' मी 'हं' म्हटलं.

बेस कॅम्पबद्दल मात्र लोकांना आधी कोणी नीट सांगत नाही, म्हणून मी सांगते. बेस कॅम्पवरून एव्हरेस्ट दिसत नाही. एवढं चालून, एवढं धापून, ५३६४ मीटरवर पोचलं की समोर खुंबूचा हिमप्रपात दिसतो, निळसर, भव्य, आणि ज्याच्यासाठी आलो तो डोंगर शेजारच्या नुप्त्सेच्या आणि स्वतःच्याच खांद्याच्या मागे. तो बघायचा तर कालापत्थर चढायचा, साडेपाच हजार मीटरच्या वर, पहाटेच्या थंडीत. २०२० साली नेपाळ आणि चीन दोघांनी मिळून त्याची उंची ८८४८.८६ मीटर जाहीर केली. दोन देशांचं एका आकड्यावर एकमत झालं, हे आमच्या घरच्या ऑक्सिमीटरला जमलेलं नाही.

बेस कॅम्पला एक मोठा दगड आहे, त्यावर लाल रंगात जागेचं नाव आणि उंची. सगळे त्या दगडाशी रांगेत. 'हर हर महादेव' होतं, शिवाजी महाराजांचा जयजयकार होतो, भगवा फडकतो, मागे उभा असलेला ऑस्ट्रेलियन दाद देतो. आमचा नंबर आला. फोटो काढणारा तरुण डोंबिवलीचा. तो म्हणाला, 'काका, काकूंच्या जवळ या ना. अजून. अजून.' लुक्ला सोडल्यापासून आम्ही दोघं दिवसाउजेडी एवढ्या जवळ पहिल्यांदाच उभे होतो. नवऱ्याने खांद्यावर हात टाकला आणि फोटो होताच म्हणाला, 'तुझी सॅक एका बाजूला ओढतेय, पट्टा घट्ट कर.'

त्या दगडापाशी उभं राहिलं की वर गेलेली जोडपी आठवतात. आंद्रेय आणि मारिया श्ट्रेम्फेल हे स्लोव्हेनियातले नवराबायको १९९० मध्ये शिखरावर एकत्र पोचले, असं करणारं पहिलं विवाहित जोडपं. २००५ मध्ये पेम दोर्जी शेर्पा आणि मोनी मुलेपती यांनी तर शिखरावरच लग्न लावलं, प्राणवायूचे मुखवटे थोडा वेळ काढून. वऱ्हाडाला जागाच नव्हती, त्यामुळे मानपान, रुसवेफुगवे सगळं वाचलं. आणि २०१६ साली पुणे पोलिसांतल्या एका जोडप्याने आपण दोघंही शिखरावर पोचल्याचं जाहीर केलं. पुढे त्यांचे फोटो जोडकाम केलेले निघाले आणि नेपाळने त्यांच्यावर दहा वर्षांची बंदी घातली. वाईट झालं, पण एका गोष्टीचं मला राहून राहून नवल वाटतं. फोटोत दोघं एकाच वेळी पोचलेली असतील, तर तिथेच कोणीतरी शंका घ्यायला हवी होती.

परतीच्या उताराबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. गोरखशेपला हेलिकॉप्टर येतात आणि थकलेल्या लोकांना काही मिनिटांत लुक्लाला नेऊन सोडतात. नवऱ्याने त्याचा दर दोनदा विचारला, 'माहिती म्हणून'. चढताना पुढे राहणाऱ्यांचे गुडघे उतरताना सूड घेतात. तेंगबोचेच्या खाली मी पुढे होते आणि तो मागे, गाइड अर्थातच त्याच्याबरोबर. नामचेला पोचेपर्यंत कतारच्या भावाची सगळी हकीकत त्यालाही कळली आणि ती तो मला नव्याने सांगू लागला.

खरा कस लागला लुक्लाला. ढग उतरले आणि विमानं बंद झाली. आता चालायचं नव्हतं. वळण नव्हतं, पूल नव्हता, पुढे कोणी जाऊ शकत नव्हतं. एकाच बाकावर आम्ही दोघं सकाळपासून संध्याकाळपर्यंत शेजारीशेजारी, आणि बाहेर धुकं. सोसायटीतल्या त्या बाई म्हणाल्या होत्या ते जवळ येणं कदाचित हेच असेल. पहिल्या तासात आम्ही पार्किंगवाल्याचा विषय संपवला. दुसऱ्या तासात सासूबाईंचं ऑपरेशन, आणि दुपारपर्यंत १९९० च्या दशकात माझ्या मामेबहिणीच्या लग्नात कोण काय बोललं होतं तिथपर्यंत पोचलो. पलीकडे जर्मन जोडपं पत्ते खेळत होतं. मी उठून त्यांच्याकडे गेले आणि खुणेने विचारलं, चार हातांनी खेळता का? त्या दोघांनी ज्या तत्परतेने जागा करून दिली, त्यावरून त्यांचाही तिसरा तास चालू असावा.

ढग फाटले तसे नावं पुकारली गेली. विमान डॉर्नियर होतं. त्यात मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेकच आसन असतं, म्हणजे दोघांनाही खिडकी आणि दोघांमध्ये वाट. पंखे सुरू झाले, कानात कापूस होता, विमान उतारावरून धावत सुटलं आणि धावपट्टी संपायच्या आत नवरा माझ्याकडे वाकून काहीतरी ओरडला. मला वाटलं, 'घाबरलीस का?' मी मान हलवली, ती कशी हलली ते त्या धडधडाटात माझं मलाही कळलं नाही.

रामेछापला उतरलो. फोनला रेंज आली. सोसायटीच्या ग्रुपवर नवऱ्याचा मेसेज आधीच पडला होता: पुढच्या वर्षी दोघं अन्नपूर्णा सर्किट. खाली एकोणीस अंगठे. मी त्याला विचारलं, 'हे कधी ठरलं?'

'आत्ता विमानात तूच हो म्हणालीस,' तो म्हणाला आणि गाडी शोधायला साठ मीटर पुढे निघून गेला.